निकेल, हायड्रोजन आणि उष्णतेचा हिशेब



वैशाखातल्या संध्याकाळी, दिवसभर तापलेल्या भिंती अजून धग टाकीत असताना, उष्णता या विषयावर बोलावयास उभे राहणे ही श्रोत्यांची थट्टाच म्हणावी लागेल. त्यातून वक्ता कोण, तर कामगार संघटनेचे काम करणारा एक माणूस. मजजवळ विज्ञानाची पदवी नाही. जे थोडेफार शिकलो ते प्रथम एका बॉयलरखान्यात आणि नंतर वाचनालयाच्या बाकावर. तथापि आज जी हकिगत मी सांगणार आहे, ती मोठमोठ्या शास्त्रज्ञांची असली तरी तिच्या मुळाशी हिशेबाचा एक साधा प्रश्न आहे, आणि हिशेबाची वही पाहावयास मागणे हा तर माझा जन्माचा व्यवसाय. एखाद्या बंद भांड्यात खरोखर किती उष्णता निर्माण झाली, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाने कसे ओळखावे, हा तो प्रश्न होय.

प्रथम बॉयलरखान्याचीच गोष्ट सांगतो. १९८९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मी आमच्या भागातील एका कारखान्यात भट्टीवर कोळसा टाकावयास लागलो. तेथले जुने फायरमन होते त्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू. त्या वर्षी वाफेचा दाब चढेना आणि कोळसा मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागू लागला. वरच्या मंडळींनी हिशेब मांडला : इतक्या कोळशात इतकी वाफ व्हावयास पाहिजे, ती होत नाही, त्या अर्थी कोळसा चोरीस जातो. मामांच्या पगारातून दंड कापला जाऊ लागला. मामा मला भट्टीचे दार उघडून दाखवीत आणि म्हणत, "इस्तू बघ कसा लाल हाय. ह्यो खोटं बोलत न्हाई, पोरा. मधली भिंत खोटं बोलती." पुढे तपासणीसाठी बॉयलर उघडला, तेव्हा नळ्यांच्या पाण्याकडच्या अंगाला क्षारांचा जाड थर बसलेला निघाला. विस्तव तोच होता, कोळसाही खरोखरच जळत होता; पण त्याची उष्णता थरातून पाण्यापर्यंत पोहोचत नव्हती, धुराड्यावाटे वर जात होती. चोर सापडला; मामांचा दंड मात्र त्यांना परत मिळाला नाही.

उष्णता निर्माण होणे ही एक गोष्ट आणि तिला वाट मिळणे ही दुसरी, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. त्याच वर्षी साऱ्या जगाला हाच धडा फार मोठ्या शाळेत गिरवावा लागत होता.

या कथेचा आरंभ मात्र थोडा मागे आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. अणुगर्भांच्या मीलनातून निघणारी शक्ती ताब्यात ठेवून वापरण्याची युक्ती येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी त्या व्यासपीठावरून केले. सूर्य तळपतो तो याच मीलनावर. हायड्रोजनचे दोन गर्भ एकमेकांत मिसळले की प्रचंड शक्ती बाहेर पडते. अडचण एवढीच की दोन्ही गर्भ धनभारित असल्यामुळे एकमेकांस दूर लोटतात. त्यांना जवळ आणावयास पृथ्वीवर कोट्यवधी अंशांचे तापमान लागते. ती दोन दशके गेली, आणखीही गेली, परंतु त्या शक्तीवर घरातला दिवा काही लागला नाही.

अशा वेळी, २३ मार्च १९८९ रोजी, अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकारांस बोलावून सांगितले की, हे मीलन आम्ही टेबलावरच्या काचपात्रात घडवून आणले. जड पाण्यात पॅलॅडियम या धातूची कांडी बुडवून वीज सोडली, आणि जितकी वीज दिली तिच्यापेक्षा जास्त उष्णता मिळाली, असा त्यांचा दावा होता. पॅलॅडियम हा विलक्षण धातू आहे. आपल्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन वायू तो पोटात घेतो. त्या गर्दीत गर्भ एकमेकांना भिडत असतील, अशी ही कल्पना. तिला शीत मीलन हे नाव पडले.

ही वार्ता वर्तमानपत्रात मी भट्टीसमोरच्या कट्ट्यावर बसून वाचली आणि मामांना वाचून दाखविली. कोळसा नको, धूर नको, एका घागरीभर पाण्यात गावाची वीज! मामांनी एवढेच विचारले, "मग आपलं काय रं?" या प्रश्नाचे उत्तर मजजवळ तेव्हा नव्हते. परंतु स्वस्त उष्णतेचे मोल मराठवाड्याला सांगावयास नको. भारनियमनात आपण वर्षे काढली आहेत. आपल्या जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी जाते. दुष्काळात, २०१३ साली, ते केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. कोळसा असूनही उष्णता वाहून नेण्यास पाणी नव्हते, म्हणून संच थांबले. तेव्हा अशा भागातील माणसाने शीत मीलनाच्या बातमीकडे आशेने पाहिले, तर त्यास भोळा म्हणू नये.

आशेने पाहणारे आम्हीच नव्हतो. मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तेव्हा डॉ. पी. के. अय्यंगार हे संचालक होते. जड पाणी, पॅलॅडियम आणि ट्रिशियम मोजण्याची कसलेली यंत्रणा, असे सर्व साहित्य ज्या थोड्या ठिकाणी एकत्र होते, त्यांपैकी तुर्भे हे एक. काही आठवड्यांच्या आत तेथील सुमारे डझनभर गट निरनिराळ्या रीतींनी प्रयोगास लागले, आणि अय्यंगार व डॉ. एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला त्यांचा अहवाल त्याच वर्षाच्या डिसेंबरात निघाला. जगात इतरत्र जो तो उष्णता मोजीत असताना तुर्भेकरांनी मुख्यतः न्यूट्रॉन आणि ट्रिशियम शोधले. मीलन झाले असेल तर ही दोन अपत्ये सापडावयासच हवीत, असा त्यांचा विचार. आणि तो योग्यच होता. ती सापडली असे त्यांनी नोंदविले. पण जमेना ते त्यांचे प्रमाण. पुस्तकाप्रमाणे दोन्ही जवळजवळ सारखी निघावयास पाहिजेत. तुर्भ्यात मात्र ट्रिशियमच्या सुमारे एक कोटी अणूंमागे जेमतेम एक न्यूट्रॉन, असा हिशेब आला. नेहमीच्या मीलनातून एक वॅट उष्णता निघावयाची, तर दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतील आणि शेजारी उभा असलेला माणूस जगणार नाही. तेव्हा एक तर हे मीलन कोणत्या तरी अज्ञात जातीचे होते, किंवा मोजण्यात कोठे तरी चूक होती. अमेरिकन सरकारच्या समितीने नोव्हेंबर १९८९ मध्येच, खात्री पटावी असा पुरावा नाही, असे मत दिले होते.

आता निकेलकडे वळू. पॅलॅडियम महाग, जड पाणी महाग. निकेल आणि साधा हायड्रोजन त्या मानाने पुष्कळ स्वस्त. या दोघांची ओळखही जुनी आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलेली आहे. निकेलच्या बारीक भुकटीवर हायड्रोजन कसा क्रियाशील होतो हे फ्रान्सच्या पॉल सबातिए यांनी दाखविले व त्यांस १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीच्या नॉर्मन यांनी त्याच सूत्रावर तेलाचे घट्ट तूप केले. जगात जर्मनी, भारतात परभणी असे आपण अभिमानाने म्हणतो, तर त्या जर्मनीची ही देणगी डालड्याच्या डब्यातून परभणीलाही पोहोचली. ते करताना तेल आपोआप तापते आणि थंड पाण्याच्या नळ्या फिरवून त्यास आवरावे लागते. निकेल आणि हायड्रोजन एकत्र आल्यावर उष्णता निघणे, यात स्वतः काही चमत्कार नाही. चमत्कार म्हणावयाचा तो, रसायनशास्त्राला न परवडणारी उष्णता दीर्घकाळ निघत राहिली तर.

तुर्भ्यातील श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाही मार्ग चोखाळला. साध्या पाण्यात क्षार विरघळवून, निकेलचा ऋणाग्र घेऊन त्यांनी प्रयोग केले, आणि जादा उष्णता व ट्रिशियम मिळाल्याचे १९९२ मध्ये जपानमधील नागोया येथील परिषदेत सांगितले. या रीतीतील हिशेबाची मेख समजावून घेण्याजोगी आहे. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होऊन निघून जातात, आणि जाताना दिलेल्या विजेचा काही भाग बरोबर नेतात. तो भाग हिशेबातून आधीच वजा टाकतात. परंतु काही वायू पात्रातल्या पात्रातच पुन्हा एकत्र येऊन पाणी झाले, तर ती उष्णता परत येते. आमच्या ऊसतोड बांधवांच्या उचलीचे उदाहरण घ्या. मुकादमाने वहीत उचल दिली असे लिहिले, आणि त्यातील काही रक्कम नोंद न होता पेटीत परत आली, तर हंगामाअखेर पेटीत शिल्लक जास्त दिसेल. त्यास कोणी नफा म्हणेल काय? १९९५ साली अमेरिकेतील बोस कंपनीच्या संशोधकांनी नेमके हेच तपासले. किती वायू खरोखर बाहेर गेला हे त्यांनी मोजले. आणि ते मोजताच, निकेल व साध्या पाण्याच्या पात्रांतील जादा उष्णता नाहीशी झाली.

या वायूंच्या हिशेबात नुसती आकडेमोडच अडकलेली नव्हती. २ जानेवारी १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत जड पाण्याच्या बंद पात्राचा स्फोट होऊन अँड्र्यू रायली हे इंग्रज शास्त्रज्ञ ठार झाले. शीत मीलनाच्या वादाचा इतिहास सांगताना लोक कीर्ती आणि अपकीर्ती सांगतात. यंत्राजवळ उभा असलेला माणूस बहुधा विसरतात. मी ज्या धंद्यातून आलो त्यात त्याचे नाव आधी घेण्याचा रिवाज आहे, म्हणून ते येथे घेतले.

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येतो. इटलीत सिएना विद्यापीठाचे फ्रान्चेस्को पियान्तेली, बोलोन्याचे सर्जिओ फोकार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी पाणीच काढून टाकले. बंद पात्रात निकेलची कांडी, भोवती तापविणारी तार, आणि आत हायड्रोजन वायू, अशी ही सुटसुटीत भट्टी. १९९४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, कांडीने हायड्रोजन पिऊन घेतल्यावर तेवढ्याच विजेत तिचे तापमान अधिक चढते. आणि तो फरक म्हणजे २४ दिवस टिकलेली सुमारे ४४ वॅट जादा उष्णता होय. प्रस्तावित निकेल-हायड्रोजन भट्ट्यांची पुढची सारी पिढी येथून निघाली.

परंतु तापमान चढले म्हणजे उष्णता जास्त निर्माण झाली काय? मार्गशीर्षात आपण गोधडी अंगावर घेतो. गोधडीत विस्तव नसतो. अंगाची उष्णता तेवढीच असते. तिची बाहेर जाण्याची वाट अडते म्हणून ऊब वाटते. ओला कडबा रचून ठेवला की गंजीचा गाभा तापतो, कधी धुमसतोही. बाहेर पसरलेला तोच कडबा थंड राहतो. भांड्याच्या आतील तापमान हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : किती निर्माण झाले, आणि किती निसटले. या भट्टीत तर निसटण्याच्या वाटा पदोपदी बदलतात. हायड्रोजन हा वायूंत उष्णतेचा सर्वांत चांगला वाहक, हवेच्या सुमारे सात पट. तो कमीजास्त झाला, कांडीचे अंग बदलले, तर गोधडीची जाडी बदलली म्हणावयाची. कांडीऐवजी भुकटी वापरली तर आणखी पंचाईत. निकेल धातू उष्णता उत्तम नेतो, पण भुकटीचे कण एकमेकांना टोकाटोकांनीच टेकतात, आणि मधली उष्णता वायूच्या मर्जीने चालते. मामांच्या बॉयलरमध्ये मधल्या भिंतीने दाब पाडला आणि चोरीचा आळ आणला. येथे मधल्या भिंतीने तापमान चढविले, तर खजिना सापडल्याचा भास होणार.

याची परीक्षा झाली ती जिनीव्हाजवळच, सर्न या युरोपीय संशोधन केंद्राच्या मंडळींकडून. १९९६ साली त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. हायड्रोजन प्याल्यावर कांडी अधिक तापते, हे त्यांनाही आढळले. इटलीकरांचे निरीक्षण खोटे नव्हते. पण त्यांनी एक जादा तापमापक पात्राच्या बाहेरच्या भिंतीवर लावला. आत खरोखर उष्णता वाढली असेल, तर ती केव्हा तरी बाहेरच्या भिंतीवाटेच जाणार आणि भिंतही अधिक तापणार. भिंत तापली नाही. जेवढी वीज, तेवढेच भिंतीचे तापमान, मग कांडीने हायड्रोजन घेतलेला असो वा नसो. म्हणजे उष्णतेचा नवा उगम मानावयास त्यांना आधार सापडला नाही. इटलीच्या मंडळींनी १९९८ मध्ये नवा निबंध काढून आपला दावा कायम ठेवला, हेही सांगितले पाहिजे.

१४ जानेवारी २०११ रोजी बोलोन्यात आंद्रेआ रोस्सी या गृहस्थांनी फोकार्दी यांच्यासह निकेल भुकटीची भट्टी लोकांपुढे चालवून दाखविली. पाणी एका बाजूने आत, वाफ दुसऱ्या बाजूने बाहेर. वाद पेटला तो वाफेवरच. एक किलो पाणी वीस अंशांवरून शंभरावर नेण्यास ८० किलोकॅलरी लागतात. त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी ५४०. म्हणून तर आपला माठ उन्हाळ्यात गार राहतो. थोडेसे पाणी वाफ होताना पुष्कळ उष्णता घेऊन जाते. सारे पाणी वाफ झाले असे धरले तर हिशेब ६२० चा, आणि ते नुसते उकळून वाफेबरोबर थेंबाथेंबाने वाहून गेले असेल तर ८० च्या आसपास. एका शब्दावर साडेसात पटींहून अधिक फरक! तापमापक दोन्ही वेळा शंभराजवळच राहतो. पूर्णा जंक्शनवर ज्यांनी वाफेची इंजिने हाकली, त्यांपैकी कोणासही विचारा : वाफ कोरडी की ओली, हे शंभराचा आकडा सांगत नाही. तेथे वाफेची परीक्षा हवेतील दमटपणा मोजणाऱ्या उपकरणाने केली होती. ते हवेतील बाष्प मोजते, वाफेतील पाण्याचे थेंब नव्हे, असा टीकाकारांचा आक्षेप होता.

२०१४ साली लुगानो येथे अशीच एक भट्टी ३२ दिवस चालली, आणि दिलेल्या विजेच्या तिपटीहून अधिक उष्णता मिळाल्याचा अहवाल निघाला. या वेळी पाणीच नव्हते. चिनी मातीसारख्या ॲल्युमिना नळीचे तापमान उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दुरून पाहून सारी गणना केली होती. तापलेली वस्तू किती उष्णता फेकते हे तिच्या तापमानाच्या चौथ्या घातावर ठरते. म्हणून तापमान वाचण्यातील थोडी चूक गणितात फार मोठी होते. कॅमेरा ज्या किरणांना पाहतो त्यांसाठी ॲल्युमिनाचा वेगळा गुणक धरावयास हवा होता, तो धरला असता तर तापमान आणि जादा उष्णता दोन्ही पुष्कळ खाली येतात, असे टीकाकारांनी दाखविले. मला स्वतःला आणखी एक शंका येते. बाहेरचे तापमान शेवटी सुमारे १,४०० अंश सांगितले आहे. निकेल १,४५५ अंशांस वितळते. उष्णता आतून बाहेर वाहते असे म्हणावयाचे, तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापमान हवे. मग आतील भुकटी भुकटी कशी राहिली? पुढे पैशांवरून हे प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये आपसांत मिटले. विज्ञानाचा निवाडा तेथे झाला नाही. तो न्यायालयात होतही नसतो.

गूगल कंपनीच्या पैशाने चाललेल्या, अनेक विद्यापीठांतील सुमारे ३० संशोधकांच्या पथकाने काही वर्षे काम करून २०१९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आपला निष्कर्ष मांडला. निकेल आणि हायड्रोजनही त्यांनी चांगल्या उष्णतामापकांत तपासले. शीत मीलनाचा पुरावा मिळाला नाही. तथापि दार अगदी बंद झालेले नाही. बंगळूरच्या 'करंट सायन्स'ने २०१५ मध्ये श्रीनिवासन यांच्या सहसंपादनाखाली या विषयाचा खास विभाग छापला. अमेरिकन सरकारनेही २०२३ मध्ये काही संशोधन गटांना या शोधासाठी पैसे दिले. ज्यांना शोधावयाचे त्यांनी अवश्य शोधावे.

या पस्तीस वर्षांच्या कथेतून कोणास हसावयाचे म्हणून मी ती सांगितली नाही. तुर्भ्याच्या लोकांनी शंका घेण्याजोगे आकडेही लपविले नाहीत; न जुळणारे प्रमाण त्यांनी स्वतःच अहवालात छापले. सर्नच्या मंडळींनी वादंगाऐवजी एक तापमापक भिंतीवर लावला. वही दोघांनाही पाहता आली म्हणून हिशेब पुढे सरकला. आमच्या कारखान्यात ती वही एकाच बाजूच्या हाती होती, म्हणून क्षारांचा गुन्हा एका प्रामाणिक फायरमनच्या माथी बसला. मोजमापाच्या चुकीने शास्त्रज्ञाची कीर्ती जाते. कामगाराची भाकरी जाते.

उद्या पुन्हा कोणी परभणीत येऊन सांगेल की, अमुक पेटीतून फुकटची वीज निघते, भांडवल घाला. त्यास हाकलून देऊ नका आणि हारही घालू नका. त्यास नम्रपणे तीन प्रश्न विचारा : आत किती घातले, बाहेर किती आले, आणि बाहेरच्या भिंतीवर तापमापक कोणी लावला? मामा आज नाहीत. असते तर त्यांनी चौथा प्रश्न विचारला असता, "मग आपलं काय रं?" भट्टी कोळशाची असो की निकेलची, तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचे काय, याचे उत्तर अजून द्यावयाचे राहिले आहे. तापमापक ते देऊ शकत नाही. ते तुम्हांआम्हांलाच द्यावे लागेल.